दुबईची रेसिडेन्सी संपली: थेट मुंबई की ओमानमार्गे?

सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या घरात मुलगा दुबईहून फोन करतो: "रेसिडेन्सी, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपलीय. एअरपोर्टवर अडवतील. हट्टा सीमेवरून गाडीने ओमानला जातो, तिथून विमान धरतो." कृपा करून त्याला थांबवा.

मुदतीनंतर राहिल्याचा दंड दोन्ही वाटांवर तोच. ग्रेस पीरियड (परवाना संपल्यावरची सवलतीची मुदत) संपला की दिवसाला ५० दिरहम, म्हणजे ६० दिवसांचे ३,००० दिरहम. जमिनीवरून गेल्याने त्यातला एकही सुटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. हट्ट्याला अमिरातीचा एक्झिट शिक्का बसतो, मग ओमानची अल वजाजा चौकी येते. आखाती देशांतल्या रहिवाशांना ओमानमध्ये सवलतीने प्रवेश मिळतो, पण त्यासाठी चालू रेसिडेन्सी लागते. ती संपलेली, हाती ओमानचा व्हिसा नाही, आणि मागे परतायचा हक्कही उरलेला नाही. मधल्या मध्ये अडकलेल्या पोराला सोलापुरातून कोण सोडवणार?

थेट विमानात तिसरा देशच येत नाही. पासपोर्टही संपला असेल, तर भारतीय वकिलातीकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यावं. ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. दंड झेपत नसेल तर तिथेच इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडाची मदत मागावी, लाजू नये. २००९ पासूनचा हा निधी अशाच अडलेल्यांसाठी आहे. घरच्यांनी इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

ओमानचा व्हिसा आधीच मिळालेला, पासपोर्ट चालू आणि दंड भरलेला असेल, तरच रस्त्याचा विचार करावा. मग मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच.