एन९५ मास्क (डोक्यामागून पट्टेवाला), बस ड्रायव्हरच्या वापरातून

मी बस चालवतो, आणि हा रिव्ह्यू रोज तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये स्टेअरिंगवर असणाऱ्यांसाठीच लिहितोय. आमच्यातले बरेच जण तोंडाला रुमाल बांधतात, त्याने मोठी धूळ अडते पण डिझेलच्या धुरातली बारीक काजळी सरळ आत जाते, आणि हाच डिझेलचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलाय.

हा मास्क ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक कण किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला नीट चिकटून बसला तरच! कानात अडकवायचे मास्क माझ्या गालाशी सैल राहतात, याचे दोन पट्टे डोक्यामागून जातात म्हणून घट्ट बसतो. घातल्यावर मास्कवर दोन्ही हात हलके ठेवून जोरात श्वास सोडून बघा, डोळ्यांकडे हवा आली तर नाकावरची पट्टी अजून दाबा. दाढी असेल तर कडेने हवा शिरणारच, ड्युटीला दाढी करूनच जा.

आता तोटे. उकाड्यात घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते, पॅसेंजरशी बोलताना आवाज दबतो. दम्याचा किंवा हार्टचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा कारण श्वास ओढायला जोर लागतो. आणि धुऊ नका प्लीज, धुतल्यावर त्याच्या आतला इलेक्ट्रिक चार्ज जातो, ज्याने बारीक कण पकडले जातात. मळला, पट्टे सैल झाले किंवा श्वास जड वाटायला लागला की बदला.

कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड असले गॅस मात्र हा अडवत नाही. म्हणून पुढे धूर सोडणारा ट्रक असला की मी माझी खिडकी लावून घेतो आणि मोकळा रस्ता लागला की उघडतो, भरलेली बस कायम बंद ठेवली तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, मास्क लावला म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या मेडिकल तपासणीत डोळे बघतात, बीपी बघतात, पण मशीनमध्ये फुंकायची स्पायरोमेट्री नाही. सुरुवातीचा सीओपीडी (श्वासाची वाट अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) एक्स-रेत दिसेलच असं नसतं, या टेस्टमध्ये कळतो. जिना चढताना दम लागत असेल, रोज कफ पडत असेल तर करूनच घ्या.

सिटी रूटला मी पाचपैकी चार देईन. आणि युनिफॉर्म मिळतो तसा हा मास्कही ड्रायव्हर-कंडक्टरला कामावरूनच मिळायला पाहिजे, खिशातून का घ्यायचा?