शूलपाणीच्या झाडीतलं सदावर्त : एकट्याने चालणाऱ्यांसाठी

नर्मदा परिक्रमेतल्या मोठ्या आश्रमांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते सातपुड्यातल्या भादल ते बिलगाव पट्ट्यात एका पावरा आदिवासी कुटुंबाने चालवलेल्या सदावर्ताबद्दल. पाटी नाही, नाव नाही. उतारावर कुडाचं घर आणि त्यावर भगवा झेंडा, एवढीच खूण.

ही, माझी बायको, गेल्यावर मी ओंकारेश्वरहून एकट्याने पायी परिक्रमा उचलली. बडवानीजवळच्या राजघाटाच्या पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे नर्मदाकाठचं डोंगराळ जंगल, सुरू होते. ती टाळायची तर शहादा-प्रकाशामार्गे सडक आहे, बरेच जण तिकडून जातात. मी मुद्दाम झाडी धरली, कारण मला सोबत नको होती. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण 'कसं झालं?' विचारायचा आणि मी दर वेळी आयसीयूपासून सगळं सांगत बसायचो.

इथे कुणी काही विचारलं नाही. 'नर्मदे हर' झालं, आसन लावायला जागा दाखवली, कोरा चहा दिला. मग सदावर्त पुढ्यात आलं : मक्याचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, मिरची. रांधायचं आपलं आपण. मला जन्मभर आयतं ताट मिळालेलं, आणि नंतर शेजाऱ्यांचे डबे. घरातल्या आजीने गरम पाण्यात पीठ मळायला लावलं, पळसाच्या पानावर थापायला लावलं. भाकरीला चीर गेली की ती ओल्या बोटाने सांधायची आणि पान पुन्हा माझ्याकडे सरकवायची. स्वतः एकही थापून दिली नाही. चुलीपुढे बसलो तेवढा वेळ हॉस्पिटल डोक्यात आलं नाही. ही गेल्यापासून पोटभर जेवलो तो त्या रात्री.

जेवणानंतर घरमालकांनी खाली पाण्याकडे हात केला. सरदार सरोवराचं पाणी ते. जुनं घर, शेत, आंबे, सगळं त्याच्या पोटात. 'तिथं होतं,' एवढंच म्हणाले आणि लगेच उद्याची वाट समजावू लागले : ओढा कुठे ओलांडायचा, कोणता फाटा सोडायचा. ज्यांचं गावच पाण्याखाली गेलं, ते दारात येणाऱ्या अनोळखी माणसाला पीठ काढून देतात. मला नातेवाइकांच्या धीराच्या शब्दांपेक्षा हे लागू पडलं.

गैरसोयी आहेतच. शौचालय नाही, मोबाइलला रेंज नाही. पडवीत झोपायचं, जानेवारीत थंडी हाडांत शिरते, तेव्हा जाड कांबळं हवंच. गुडघे दुखत असतील तर हे चढउतार झेपणार नाहीत. आणि दुःख अगदी ताजं असेल, रात्री एकट्याला नको ते विचार येत असतील, तर कुणाला तरी बरोबर घ्या. मीही सुरुवातीचे काही महिने घरीच काढले होते, ते बरं झालं.

पैशांचा विषय ते काढत नाहीत. मी ठेवलेली नोट आजीने उचलून माझ्या झोळीत परत टाकली. तेल मात्र आनंदाने घेतलं. म्हणून बडवानीच्या बाजारातून निघताना तेल आणि गूळ जरूर घ्या, वजन झालं तरी चालेल.