कुर्ल्यातील सुट्या भागांचे दुकान: येझदीच्या निमित्ताने

वडिलांची येझदी रोडकिंग मोटरसायकल पंधरा वर्षांच्या मुलीसह दुरुस्त करायला घेतली, तेव्हा ती बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्येच बंद पडलेला असल्याने सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानाचा उंबरठा झिजवावा लागला. किक आणि गिअर यांना एकच दांडी असलेल्या या गाडीची किक-स्प्रिंग दुकानातल्या काकांनी गंजक्या डब्यातून अचूक हुडकून दिली आणि कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे असलेले भाग) तारेने न टोकरता पेट्रोलने धुऊन हवेने कसे साफ करावे, हेही मुलीला शांतपणे दाखवले. मात्र ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेले कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा भाग) आठवड्यातच जळाले, आणि बदलून मागताच मालकांनी पावती विचारली, जी त्यांनी मुळात दिलीच नव्हती. तिथूनच घेतलेल्या पिस्टनच्या रिंगा मात्र अजून उत्तम चालत आहेत. जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि पावती मागून घ्यावी.