घासाघीस न करणारा मुलीचा बाप

लग्नाच्या ऑर्डरी मिळवून देतो म्हणणाऱ्यानं फसवलं, त्यात माझे एकूण २३,८०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीच्यात मी अजूनही "पाच-सहा हजार गेले" एवढंच सांगायलोय. गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, फोटोग्राफर मोजून अकरा. नाव लिहिलं की संध्याकाळपर्यंत टपरीवर माझाच विषय.

मी या धंद्यात नवा. छत्रपती संभाजीनगरहून सेकंडहँड कॅमेरा आणि दोन लेन्स ९२,००० ला आणल्या, त्यातले ५०,००० आईच्या बचत गटाचे. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं आमच्या भागातलं सोयाबीन पाण्यात गेलेलं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि माझ्याकडं ऑर्डर किती? चुलत्याच्या नातवाचं जावळ, तेही फुकट. भावकीत पैसे मागायचे कसे? हप्ता मात्र भावकी भरत नाही. हे यासाठी सांगतोय की "एवढं कसं कळलं नाही" म्हणणाऱ्यांनी आधी रिकामी डायरी घेऊन नोव्हेंबर काढून बघावा.

मोबाईलवर जाहिरात दिसली, 'तुमच्या जिल्ह्यातल्या लग्नाच्या खात्रीशीर लीड', म्हणजे लग्न असलेल्या गिऱ्हाइकांचे पत्ते-नंबर. नंबर टाकला, दहा मिनिटांत फोन. बोलणं गोड, पुणेरी, दर वाक्याला "दादा". २५ लीडचं पॅकेज १०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. ११ नोव्हेंबरला भरले. भरताना स्क्रीनवर कंपनीऐवजी कुणा बाईचं नाव आलं. मला ते खटकलं नाही, कारण आमच्याकडं निम्म्या दुकानांचे क्यूआर बायकोच्या नावावर असतात. तुम्हाला मात्र खटकू द्या.

बिलही आलं व्हॉट्सअॅपवर, शिक्क्यासकट. शिक्का बघून मी खूश! ते बिल नंतर एका टॅक्सवाल्या काकांना दाखवलं, त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, माझ्या बिलावर १४ च. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, हा २९ नं. पत्ता पुण्याचा, गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, तरी दोन राज्यांतल्या व्यवहाराचा आयजीएसटी लावलेला. तिथं नऊ-नऊ टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी पाहिजे होता. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर लॉगिन न करता, फुकट तपासता येतो. दोन मिनिटांचं काम होतं.

आठवडाभर काही नाही. १८ तारखेला फोन आला, "परभणीहून बोलतोय, मुलीचं लग्न आहे." मी दबकतच दर सांगितला. दोन दिवस, कॅन्डिड, सिनेमॅटिक, दोन करिझ्मा अल्बम, ८५,०००. समोरून उत्तर आलं, "ठीक आहे साहेब, बजेटचा प्रश्न नाही."

इथंच. इथंच फोन ठेवायला पाहिजे होता. परभणीचा मुलीचा बाप, ज्या वर्षी शिवारं वाहून गेली त्या वर्षी, फोटोवाल्याला पहिल्याच फोनवर ८५,००० ला हो म्हणतो? आमच्याकडं दर सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं, "शेवटचं किती होतंय सांगा." मग "आमच्या साडूच्या पोराचं तीसात झालं." मग मामा फोन हातात घेतो. कोण्या गावाचे, कुणाचे पाव्हणे, हे निघाल्याशिवाय तर बोलणी पुढं सरकतच नाहीत. या माणसानं माझं आडनावही विचारलं नाही. आणि मी? मी त्या रात्री ड्रोनवाल्याला फोन करून तारीख धरून ठेवली.

१९ नोव्हेंबरला कंपनीवाल्यानं ऑर्डर 'लॉक' करायला ७,५०० अनामत मागितली, परत मिळणारी. भरली. २२ ला कंपनीवाला म्हणाला, "दादा, पार्टीचा २५,००० इसार आमच्याकडं जमा झालाय, त्यावरचा जीएसटी ४,५०० तुम्ही भरा, लगेच सोडतो." तो चौथा शनिवार, बँका बंद, हे त्यानं धरूनच ठेवलं असणार. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीच लागत नाही, हे आता तोंडपाठ आहे. तेव्हा भरले. संध्याकाळी तो आणखी ९,००० मागायला लागला.

मी आईला कौतुकानं सांगत होतो, १९ डिसेंबरला परभणीला मोठी ऑर्डर आहे म्हणून. तिनं भाकरी थापता थापता भिंतीकडं बघितलं. "अमावशेला कोण लगीन लावायलंय रं?"

कॅलेंडर माझ्या डोक्याच्या वर टांगलेलं होतं.

कंपनीवाला आणि मुलीचा बाप, दोन्ही फोन बंद. लाजेनं मी रात्रभर कुणाला काही बोललो नाही, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, रविवारी दुपारी फोन केला. फोन घेणाऱ्या बाईंनी व्यवहारांचे बारा अंकी नंबर नीट लिहून घेतले, पहिला प्रश्न विचारला, "काल का नाही केला?" बँकेला सुट्टी असली तरी हा नंबर चालू असतो. पैसे गेल्याचं कळलं त्या मिनिटाला लावा, लाज नंतर.

सोमवारी बँक. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा." लेखी द्या म्हटलं तर साहेब जेवायला. (बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट जाता येतं. पण पोच घ्या, नाहीतर ३० दिवस मोजणार कुठून?)

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्या दिवशी "ही दिवाणी बाब आहे, तू सेवा विकत घेतली, त्यांनी दिली नाही." तिसऱ्या दिवशी "कंपनी पुण्याची, पुण्याला जा." कंपनीच नाही तर पुण्याला कुणाकडं जाऊ? चौथ्या दिवशी जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, एसटीत अख्खा दिवस गेला, तिथं म्हणाले तालुक्यालाच द्या. एक जण तर हसत म्हणाला, "आमचेही दोन फोटो काढ." चोरानं निदान "दादा" तरी म्हटलं होतं! वकील मित्रानं सांगितलं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवायची. स्पीड पोस्ट केली, तेव्हा कुठं भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं, तोतयेगिरी करून फसवण्याचं, ६६ डी लागलं. कलम मला माहीत, ठाण्यात माहीत नाही, असं होईल का? माहीत असतं, पण लिहायला नको असतं.

ग्राहक आयोगाचंही बघितलं. धंद्यासाठी घेतलेली सेवा चालत नाही म्हणतात, पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराची सूट २०१९ च्या कायद्यात आहे, पण ती वस्तूंसाठी लिहिलीय. पाच लाखांपर्यंत फीही नाही. फक्त नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते कुणी सांगत नाही.

ऑर्डर देण्यासाठी जो आपल्याकडूनच पैसे मागतो तो गिऱ्हाईक नाही, दलालही नाही. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला चहा पाजा, मेहंदीवालीला तिचे चार चांगले फोटो फुकट काढून द्या, जुन्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली रोजावर जा. मी आता दीड हजार रोजानं जातोय, अपमान वाटतो, पण पैसे संध्याकाळी हातात पडतात. इसार घ्यायचा, द्यायचा नाही.

गेल्या आठवड्यात कळलं, त्या बाईच्या खात्यात १,१३० रुपये सापडले, ते गोठवलेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकील मित्र फी घेणार नाही म्हणाला, पण टायपिंग, स्टॅम्प आणि जाण्यायेण्याचा खर्च धरला तर बाराशे होतात.