डिस्कची हुबेहूब प्रत आणि यूयूआयडी: ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस

डीडी या कमांडने डिस्कची प्रत काढली किंवा एलव्हीएमचा (डिस्कचे भाग सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला, की फाइलसिस्टमचा (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना; ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस ही तिचीच नावं) १६ बाइटांचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांकही, जसाच्या तसा उतरतो. मूळ आणि प्रत एकाच मशीनला लागल्या की लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) काय करतो, यावर डेटाची सुरक्षितता ठरते. या बाबतीत माझी पसंती एक्सएफएसला.

एक्सएफएस माउंट होताना, म्हणजे वापरासाठी जोडली जाताना, कर्नल आधी माउंट असलेल्या एक्सएफएसचे यूयूआयडी तपासतो आणि तोच सापडला तर सरळ नकार देतो. माउंट कमांड मात्र ‘बॅड सुपरब्लॉक’ (फाइलसिस्टमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक खराब) वगैरे म्हणते, त्यामुळे डिस्क खराब झाली असं वाटतं. घाबरून रिपेअर चालवू नका. डीमेसग (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, खरं कारण तिथे असतं. प्रत आधी ‘नोयूयूआयडी’ ऑप्शनने माउंट करा म्हणजे अर्धवट राहिलेला लॉग (बदलांची नोंद) पूर्ण होईल, मग अनमाउंट करून एक्सएफएस_अ‍ॅडमिनला मोठा यू (-U) आणि ‘जनरेट’ द्या. लॉग बाकी असताना नवा यूयूआयडी तो देतच नाही, आणि ते योग्यच आहे. स्नॅपशॉट फक्त वाचण्यापुरता असेल तर ‘आरओ’ आणि ‘नोरिकव्हरी’ही जोडावं लागतं.

आवृत्ती ५ च्या एक्सएफएसमध्ये मेटाडेटाच्या (फाइलींबद्दलच्या माहितीच्या) ब्लॉकांवर यूयूआयडीचा शिक्का असतो. तरी बदल क्षणात होतो, कारण कर्नल ४.३ पासून जुना यूयूआयडी सुपरब्लॉकमध्ये वेगळा जपला जातो आणि ब्लॉक त्याच्याशीच ताडले जातात. फार विचारपूर्वक केलेली रचना.

ईएक्सटी४ काहीच अडवत नाही, आणि हा मोठा दोष. एफस्टॅबमध्ये (आपोआप माउंट करायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडी लिहिलेला असेल तर दोन्हींपैकी कोणतीही डिस्क माउंट होते. रूटचंही (सिस्टम ज्यावरून चालते ती मुख्य फाइलसिस्टम) तेच, कारण तिथे यूयूआयडीवरून डिस्क शोधण्याचं काम कर्नल नव्हे, इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टम) करतो. म्हणून प्रत काढल्यावर लगेच, अनमाउंट असतानाच, ट्यून२एफएसने नवा यूयूआयडी द्या. मेटाडेटाचे चेकसम (बिघाड ओळखणारे आकडे) यूयूआयडीवरूनच काढलेले असतात, त्यामुळे ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ हे फीचर नसेल तर ते सगळे नव्याने लिहावे लागतात आणि मोठ्या डिस्कवर वेळ जातो.

बीटीआरएफएस सर्वांत नाजूक. एका फाइलसिस्टमच्या अनेक डिस्क तो यूयूआयडीवरूनच एकत्र ओळखतो, म्हणून प्रतीला तो मूळ डिस्क समजू शकतो आणि डेटा बिघडू शकतो. कर्नल ६.७ पासून एकाच डिस्कच्या प्रतीला माउंटपुरता तात्पुरता यूयूआयडी मिळतो. त्याआधीच्या कर्नलवर मूळ डिस्क काढून ठेवा, मगच प्रत जोडा आणि नव्या यूयूआयडीसाठी बीटीआरएफएसट्यूनला छोटा एम (-m) द्या. छोटा यू (-u) दिला तर तो सगळा मेटाडेटा पुन्हा लिहितो, आणि तेवढ्यात वीज गेली तर फाइलसिस्टम अर्धवट अवस्थेत अडकते.