आता घ्यावं की भाव उतरेपर्यंत थांबावं?

घर पाहून झालंय, पसंत आहे, कर्जही मिळेल. अडलंय ते एकाच ठिकाणी: भाव अजून उतरतील का? या पायरीवर आम्ही दोघांनी दोन वर्षं काढली. रोज रात्री जाहिराती चाळायच्या, मागच्या महिन्याचा आकडा आठवायचा आणि उद्यावर ढकलायचं. त्या काळात आमचं सगळं लक्ष भावावर होतं, भाड्याचा हिशेब एकदाही मांडला नाही. दोन्ही पर्यायांची तुलना खरं तर तिथूनच सुरू होते, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

थांबण्याचा वर्षाचा खर्च

घराची किंमत १०० धरा. तसंच घर भाड्याने घेतलं तर वर्षाचं भाडं ३ पडतं, गृहकर्जाचं व्याज साडेआठ टक्के आहे आणि देखभाल व कर मिळून १ जातो, असं समजा. तुम्ही घालणार ती स्वतःची रक्कमही कुठेतरी वाढलीच असती, म्हणून सोपेपणासाठी तिलाही व्याजाचाच दर लावू. (यात थांबणाऱ्याला थोडं झुकतं माप मिळतं, हे लक्षात असू द्या.) मालकीचा वर्षाचा खर्च साडेनऊ, भाड्याचा ३. फरक साडेसहाचा. म्हणजे घराचा भाव वर्षाला साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढणार असेल, तरच थांबणाऱ्याचं नुकसान होतं. भाव जागच्या जागी राहिले तरी तो फायद्यात असतो. अट एवढीच, की हा फरक त्याने खरोखर बाजूला टाकला पाहिजे. तो खर्च झाला तर हिशेबच उरत नाही.

आता व्याज स्वस्त असलेल्या दुसऱ्या देशातली वस्ती घ्या. भाडं ६, व्याज ४, देखभाल दीड. इथे मालकी साडेपाचाला पडते आणि भाडं सहाला. भाव अजिबात वाढले नाहीत तरी थांबणारा दरवर्षी अर्धा टक्का गमावतो. एका वस्तीत थांबणं शहाणपणाचं आणि दुसरीत महागात पडणारं असू शकतं. म्हणून ‘सध्या घर घ्यावं का’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. आपल्या वस्तीतलं भाडं आणि आपल्याला मिळणारा व्याजदर, हे दोन आकडे हातात आले की भाव किती वाढले तर आपण चुकलो ठरू, हे पाच मिनिटांत कळतं. हप्त्यातला मुद्दलाचा भाग मात्र खर्चात धरू नका. ती तुमची बचत आहे.

तळ दिसतो का?

भाव सगळ्यात खाली कधी येईल ते आधी ओळखता येतं, यावर थांबणाऱ्याची सगळी भिस्त असते. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या अटलांटा, शिकागो, डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातले १९७० ते १९८६ या काळातले घरांचे व्यवहार तपासले आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. घरांच्या भावाला चाल असते, असं त्यांना दिसलं. शहराचा भाव एका वर्षी जितका हलतो, त्याच्या पाव ते अर्ध्या प्रमाणात तो पुढच्या वर्षीही त्याच दिशेने हलतो. हे वाचून वाटतं, म्हणजे वेळ साधता येते! पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एकेका घराच्या भावात इतका चढउतार असतो, की शहराच्या सरासरीतला हा अंदाज एक घर घेणाऱ्याच्या फारसा कामी येत नाही. तुम्ही शहराची सरासरी विकत घेत नाही. एका गल्लीतलं, एका मजल्यावरचं, एका मालकाचं घर घेता.

त्यात तो मालक तोट्यात विकायला तयार नसतो. डेव्हिड जेनेसोव आणि क्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधले फ्लॅट तपासले. ज्यांना खरेदीच्या भावापेक्षा कमी मिळणार होतं, त्यांनी त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम भावात चढवून मागितली, आणि त्यांची घरं विकली जाण्याचा वेगही बराच मंद होता. म्हणजे बाजार उतरायला लागला की आधी सौदे आटतात, भाव मागून उतरतो. जाहिरातीतला भाव स्थिर दिसला म्हणून बाजार स्थिर आहे असं समजू नका. घरं किती दिवस पडून आहेत आणि प्रत्यक्ष सौदे कितीला होताहेत, हे विचारत राहा.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेत २०२२ नंतर दिसलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला ३० वर्षांच्या कर्जाचा दर ३ टक्क्यांच्या थोडा वर होता, ऑक्टोबरात तो ७ च्या पुढे गेला. आता भाव कोसळणार, असं अनेकांना वाटलं. भाव किंचित खाली आले आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्या उंचीवर गेले. कोसळले ते सौदे: जुन्या घरांची विक्री त्या वर्षी १९९५ नंतरच्या नीचांकावर आली. जुन्या स्वस्त कर्जावर बसलेले मालक घर सोडायलाच तयार नव्हते.

बरोबर ठरूनही

भाव पडतातच कुठे, असं मात्र कुणी म्हणू नये. अमेरिकेत २००६ ते २०१२ च्या सुरुवातीपर्यंत ते साधारण २७ टक्क्यांनी उतरले, आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ दरम्यान जवळजवळ निम्म्यावर आले. पण ‘हे महाग आहे’ म्हणून अमेरिकेत २००३ मध्ये थांबलेल्या माणसाचा विचार करा. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरी पुढची तीन वर्षं भाव चढतच राहिले, आणि तळ आला तेव्हा देशाची सरासरी त्याने नाकारलेल्या पातळीच्याच आसपास होती. मुलं लहान होती ती शाळा संपवण्याच्या वाटेवर लागली. शिवाय स्वस्ताई एकटी येत नाही. २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बेरोजगारी १० टक्क्यांवर होती, आयर्लंडमध्ये २०१२ मध्ये ती १५ च्या आसपास. बँकांनीही हात आखडते घेतले होते. भाव उतरेल तेव्हा माझी नोकरी असेल का आणि मला कर्ज मिळेल का, हे थांबणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं.

आणि ‘बराच उतरलाय, आता घेऊ’ असं म्हणणाऱ्याने जपान आठवावा. तिथे १९९१ नंतर जमिनीचे भाव दशकाहून अधिक काळ उतरत राहिले.

आत्ताच घेण्यातली जोखीम

स्वतःचे २० आणि कर्जाचे ८० घालून घर घेतलं, की भाव १० टक्के उतरल्यावर तुमची निम्मी पुंजी कागदावर गेलेली असते, २० टक्के उतरल्यावर सगळी. तुम्ही त्या घरात राहताय आणि हप्ता भरताय तोवर याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते बदली, घटस्फोट, आजारपण किंवा नोकरी जाण्याने विकावं लागलं तर. त्यात खरेदी-विक्रीचा खर्च. दोन्ही वेळचा मिळून ८ टक्के धरला तर दहा वर्षं राहणाऱ्याला तो वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास पडतो, दोन वर्षांत निघणाऱ्याला ४ टक्के. मुक्काम पाच वर्षांहून कमी असेल, तर भावाचा अंदाज कितीही पक्का वाटला तरी मी घ्या म्हणणार नाही.

व्याज उतरण्यासाठी थांबणाऱ्यांना एक आकडा सांगते. २० वर्षांच्या कर्जाचा दर ९ वरून ८ झाला की हप्ता साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्या काळात भाव साडेसात टक्क्यांनी वाढला, तर हाती काही उरलं नाही. कर्ज पुढे कमी दराच्या बँकेत नेता येतं, घराचा दिलेला भाव परत येत नाही. म्हणून दर चढे आणि विक्रेता नरम, अशा काळात घासाघीस करून घेतलेलं घर मला जास्त पटतं. मात्र हप्ता आजच्या दराने झेपला पाहिजे. दर उतरेल या भरवशावर घेऊ नका.

मुक्काम लांबचा, सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक आणि भाड्याचा हिशेब जवळपास जुळतोय, असं असेल तर तळाची वाट न पाहता घ्या. भाडं किमतीच्या मानाने फारच कमी असेल तर निर्धास्त थांबा, पण अटी लिहून. कोणत्या भावाला घेणार, हप्ता मिळकतीच्या किती हिश्श्यात बसला पाहिजे, आणि कोणत्या तारखेला हा हिशेब पुन्हा मांडणार, एवढं एका कागदावर दोघांच्या सहीने. आणि हप्ता-भाड्यातला फरक पुढच्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात.