एडिसनमध्ये भाड्याची जागा शोधताना आमचे ५,२५० डॉलर गेले

न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही जुलैअखेर पुण्याहून आलो. नवऱ्याचं ऑफिस न्यूयॉर्कला, म्हणून मिडलसेक्स काउंटीत, मेट्रोपार्क स्टेशनच्या आसपास जागा हवी होती. कंपनीने हॉटेलचे तीसच दिवस दिलेले आणि सप्टेंबरात मुलीची शाळा सुरू होणार. शाळेला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. अपार्टमेंटच्या कुठल्याही ऑफिसात गेलं की क्रेडिट स्कोअर विचारायचे, म्हणजे इथे आधी घेतलेलं कर्ज, कार्डाची बिलं वेळेवर फेडलीत का यावरून मिळणारे गुण. महिन्याभरापूर्वी देशात आलेल्या माणसाचा कसला स्कोअर! त्यात दोन बेडरूमचं भाडं अडीच हजारांच्या पुढेच.

अशात एक जाहिरात दिसली. दोन बेडरूम, भाडं १,७५० डॉलर, क्रेडिट हिस्ट्री नसली तरी चालेल. मालक फोनवर फार गोड बोलला. नोकरीमुळे टेक्ससला आलोय म्हणाला, घर बघायला कुणी नाही, मला पैशांपेक्षा घर नीट ठेवणारं कुटुंब हवंय. हे वाक्य मला भावलं, खोटं कशाला बोलू.

घर बघायला त्याने एक कोड पाठवला. दाराच्या मुठीला किल्ली ठेवायची छोटी पेटी लटकवलेली होती. कोड दाबला, पेटी उघडली, किल्ली हातात आली. आत नव्या रंगाचा वास, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं मेपलचं झाड दिसत होतं. मुलीने आपली खोलीसुद्धा ठरवून टाकली. किल्लीने दार उघडलं म्हणजे माणूस खरा, असं आम्ही धरून चाललो.

करारनामा ईमेलने आला, आम्ही सही केली. पहिल्या महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मिळून ५,२५० डॉलर. बँकेच्या ॲपवरून लगेच पाठवले, कारण 'अजून दोन कुटुंबं रांगेत आहेत'. दोन महिन्यांचं डिपॉझिट आम्हाला खटकलंच नाही. पुण्यात तेवढं देतोच की! न्यू जर्सीच्या कायद्याने मात्र दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. एवढं एक ठाऊक असतं तर तिथेच थांबलो असतो.

एक तारखेला भाड्याची व्हॅन घेऊन गेलो. कोड चालेना, फोन बंद. अर्ध्या तासाने एक बाई दुसऱ्या कुटुंबाला घर दाखवायला आल्या. घर भाड्यानेच द्यायचं होतं, पण २,९०० डॉलरला आणि भलत्याच मालकाचं. गिऱ्हाइकाने एकट्याने येऊन घर बघावं म्हणून त्यांची कंपनी नाव नोंदवणाऱ्याला कोड देते. भामट्याने गिऱ्हाईक म्हणून नोंद करून तोच कोड आम्हाला पुढे पाठवला होता. माझ्या पोटात गोळा आला. मुलगी व्हॅनमध्ये उशी मांडीवर घेऊन बसलेली होती.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. पोलिसांत तक्रार दिली, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या पोर्टलवरही नोंदवली. पैसे गेले ते गेलेच.

तुम्ही जागा शोधत असाल तर जाहिरातीतले फोटो गूगलवर टाकून बघा, तेच घर जास्त भाड्याला दुसरीकडे दिसलं तर तिथेच सोडा. घराचं खरेदीखत काउंटी क्लर्ककडे नोंदलेलं असतं. मिडलसेक्सचं ते ऑफिस न्यू ब्रन्सविकला आहे. मालकाचं नाव तिथे ताडून बघा. घरात उभा राहून जो तुम्हाला भेटत नाही, त्याला एक डॉलरही पाठवू नका. क्रेडिट स्कोअर नसेल तर नोकरीचं ऑफर लेटर दाखवा. आम्हाला शेवटी इझलिनमध्ये त्यावरच जागा मिळाली, भाडं २,४५०.

परवा तेच स्वयंपाकघर, खिडकीतलं तेच मेपल पुन्हा एका जाहिरातीत दिसलं. या वेळी पत्ता वुडब्रिजचा होता आणि भाडं १,६५०. मी ती जाहिरात रिपोर्ट केली आहे.